मिठाच्या पाण्याची बाटली

माझ्या मुलीचे सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत. हे वाक्य मी इतक्या डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं आहे, की आता त्यांनी फाइल मिटली की मीच ते म्हणून टाकते. डॉक्टर खूश होतात. त्यांना वाटतं, बाईंना पटलं.

मुलगी तिशी ओलांडलेली. गावातल्या शनवारा वेशीजवळच्या एका खासगी शाळेत विज्ञान शिकवते. ती आजारी दिसत नाही, हीच तिची मोठी अडचण. बसलेली असली की चारचौघांसारखी असते, चारचौघांपेक्षा जरा जास्तच बोलते. उभी राहिली की थोड्या वेळात तिचा रंग उतरतो, ओठ पांढरे पडतात, छाती धडधडायला लागते आणि कानात पॉवरलूम सुरू होतो. हा शब्द तिचाच. बुऱ्हाणपुरात खरे पॉवरलूम दिवसभर खडखडत असतात, त्यामुळे या तक्रारीचा कुणावर फारसा परिणाम होत नाही. मग ती जिथे असेल तिथे खाली बसते. बसायला उशीर झाला तर पडते.

हे काही वर्षांपूर्वी एका तापानंतर सुरू झालं. ताप गेला, हे राहिलं.

शाळेत रोज सकाळी मैदानात प्रार्थना असते. प्रार्थना छोटी आहे. तिच्यानंतर प्राचार्यांचे विचार असतात, ते छोटे नसतात. मी स्वतः सगळी नोकरी मराठी शाळेत शिकवण्यात घालवली, त्यामुळे प्राचार्य नावाच्या माणसाला माइक दिसला की काय होतं ते मला ठाऊक आहे. या भाषणांत माझी मुलगी मैदानातल्या मातीवर बसून घ्यायची. एकदा पोरांदेखत पडली. प्राचार्यांनी तिला खोलीत बोलावून घेतलं.

"मॅडम, रिपोर्ट तो सब नॉर्मल हैं. फिर आप बैठ क्यों जाती हैं? बच्चे देखते हैं."

सत्र संपेपर्यंत डॉक्टरांकडून काय ते कारण लिहून आणा, नाहीतर स्वतःचं काही दुसरं बघा, असं त्यांनी अतिशय गोड आवाजात सांगितलं. मुलगी घरी येऊन म्हणाली, "आई, माझ्या आजाराला नाव नाही ना, म्हणून तो कामचोरपणा आहे. नाव मिळालं की आजार होईल." तिला शिकवायला फार आवडतं. आम्ही नाव शोधायला निघालो.

जळगावला एक मोठे डॉक्टर होते. मोठे म्हणजे त्यांच्या दवाखान्यात कारंजं होतं. भिंतभर त्यांचे फोटो. प्रत्येकात ते कुणाकडून तरी शाल घेत होते. त्यांनी मुलीला स्टुलावर बसवून तपासलं आणि प्रश्न मला विचारला.

"लग्न?"

"नाही."

त्यांनी मान हलवत काहीतरी लिहिलं. काय लिहिलं म्हणून मी विचारलं, तर ताकदीची गोळी. "लग्न झालं की यातलं पुष्कळ आपोआप ठीक होतं," ते म्हणाले.

मी म्हटलं, "डॉक्टरसाहेब, तुमच्या बाहेरच्या बाकावर बसलेल्या निम्म्या बायकांच्या गळ्यात मंगळसूत्र आहे. त्या कशाला आल्यात?"

नवऱ्यानं माझं कोपर दाबलं. आमच्या संसारात हे कोपर दाबणं फार जुनं आहे.

दुसऱ्या एका तज्ज्ञांनी मुलीकडे न बघता फाइलीकडे बघत सल्ला दिला की मन कशात तरी गुंतवा. ती म्हणाली, "सर, मी आठवीच्या तीन तुकड्यांना शिकवते. मन रिकामं सापडतच नाही." ते हसले. तिला हसवून बोलता येतं, म्हणजे ती ठणठणीत आहे, असा त्यांनी निष्कर्ष काढला असावा. तिसऱ्यांनी तर तिला टेबलावर झोपवून सगळं तपासलं आणि म्हणाले, "कमाल आहे, इतकं चांगलं ब्लडप्रेशर माझंसुद्धा नाही."

इथे नवऱ्याच्या बाटलीबद्दल सांगायला हवं.

नवरा आयुष्यभर कागदाच्या कारखान्यात होता. महाराष्ट्रातून पोटासाठी इकडे आलेल्या बऱ्याच घरांपैकी आमचं एक. ज्या हॉलमध्ये ओला कागद वाफेच्या तापलेल्या रुळांवरून फिरवून वाळवतात, तिथे त्याची ड्यूटी असायची. उन्हाळ्यात त्या हॉलमध्ये माणसं उभ्या उभ्या कोसळायची. म्हणून मीठ, साखर आणि लिंबू घातलेल्या पाण्याचा पिंप दाराशी ठेवलेला असे, आणि ग्लासभर प्यायल्याशिवाय कुणी मशिनवर उभं राहायचं नाही, असा तिथला रिवाज होता. नवरा निवृत्त झाला, रिवाज झाला नाही. मुलीला दवाखान्यात न्यायचा दिवस उजाडला की हा माणूस पहाटे उठून मोठी बाटली भरायचा. गाडीत बसलो की तिला बर्थवर आडवी करायचा, पाय आपल्या मांडीवर घ्यायचा आणि स्टेशन येईल तसं तिला उठवायचा.

"रावेर आलं. पी."

"पप्पा, आत्ता तर प्यायले."

"ते बुऱ्हाणपूरचं. हे रावेरचं. पी."

निंभोऱ्याला पी, सावद्याला पी. मी म्हणायचे, "मुलगी आहे का ट्रकचं रेडिएटर?" त्याच्यावर परिणाम शून्य. घरी मात्र तो आग्रह करायचा नाही. तिला ती चव आवडत नव्हती, आणि घरी काय, पाहिजे तेव्हा आडवं पडता येतं. बाटली फक्त प्रवासाची. डॉक्टरसमोर पोरीनं कोसळू नये, बापाची लाज राहावी, एवढाच त्याचा हेतू.

तुकईथडच्या मोठ्या जाऊबाई अधूनमधून केळी घेऊन येतात. केळी उत्तम असतात. सोबत मतंही आणतात.

"काय वं माय, पोरगी हसते, खाते, बोलते. तिले झालंय काय? धूलकोटचं स्थळ आलंय, चांगलं आहे. एकदा उरकून टाक."

मुलगी आतून म्हणाली, "मोठी आई, रिसेप्शनला स्टेजवर उभं राहावं लागतं. मैं नहीं टिकूँगी."

"खुर्ची राहते ना तिथं! सिंहासनासारखी!"

"मग ती शाळेत पाठवून दे ना. लग्न नंतर बघू."

सत्र संपत आलं होतं. तेवढ्यात गावातल्या एका मंगल कार्यालयात आरोग्य शिबिर लागलं. इंदूरचे मोठे डॉक्टर येणार, मोफत तपासणी. फाटकावरच्या बॅनरवर चेहऱ्यांची गर्दी होती. त्यात डॉक्टर एकही नव्हता. नवरा त्या दिवशी भावाकडे केळीची गाडी भरायला गेला होता. मी आणि मुलगी चालत गेलो. गावातल्या गावात जायचं म्हणून बाटलीचा प्रश्न आला नाही.

नंबर लागायच्या आधी उद्घाटन होतं. उद्घाटनाच्या आधी प्रमुख पाहुण्यांची वाट पाहणं होतं. रोगी सतरंजीवर, सोफे रिकामे. पाहुणे फाटकाशी आल्याबरोबर माइकवरच्या माणसाला चेव आला.

"सभी रोगी भाई-बहनों से निवेदन है कि अतिथि महोदय के सम्मान में अपने स्थान पर खड़े हो जाएँ!"

गुडघेदुखीची तपासणी करायला आलेल्या म्हाताऱ्या एकमेकींच्या आधाराने उठल्या. मीही उठले, मुलगी उठली. हार सुरू झाले. स्टेजवरच्या प्रत्येकाला हार, आणि हार घालणाऱ्यांनाही हार. मग दीपप्रज्वलन. पंख्याच्या वाऱ्यानं दिवा लागेना, म्हणून पंखे बंद केले. दिवा लागला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि हवा सुटलेल्या फुग्यासारखी माझी मुलगी खाली गेली.

मी तिचं डोकं धरलं. बिल्ला लावलेला एक कार्यकर्ता धावत आला.

"ताईजी, इनको ज़रा साइड में लिटा दो. फोटो में आ रहा है."

त्याला मी काय म्हणाले ते लिहिण्यासारखं नाही. मराठीत म्हणाले, त्याला नीट कळलं.

स्टेजवर एका तरुण डॉक्टरबाईंच्या गळ्यात हार पडायच्या बेतात होता. त्या हाराखालून वाकून निघाल्या आणि सरळ आमच्याकडे आल्या. हारवाला तसाच हात वर करून उभा राहिला. बाईंनी सतरंजीची गुंडाळी करून मुलीच्या पायांखाली दिली, मनगट धरलं आणि घड्याळाकडे बघत राहिल्या. ती सावरल्यावर ब्लडप्रेशर पाहिलं. मग बसवून पाहिलं. मग, "हळू, मी धरलंय," म्हणत उभं करून पुन्हा नाडी पाहिली. आम्ही इतके दवाखाने केले होते. उभं करून तिची नाडी पाहणारं माणूस मी पहिल्यांदा पाहत होते.

"बाकी डॉक्टरांना हे कधी दिसलं नाही?" त्यांनी विचारलं. इंदूरच्या मराठी होत्या.

"नाही."

"तिथे पोचायची तेव्हा कशी असायची?"

"एकदम फर्स्ट क्लास," मुलगी सतरंजीवरून म्हणाली. "पप्पा मला फुल टाकी करून न्यायचे."

मी हसत हसत त्यांना बाटलीची गोष्ट सांगितली. रावेर, निंभोरा, सावदा. मांडीवरचे पाय. बाई हसल्या नाहीत.

"म्हणजे दर वेळी तुम्ही तिच्यावर उपचार करून मग तिला डॉक्टरांकडे नेत होता," त्या म्हणाल्या. "आणि डॉक्टर उपचार झालेल्या मुलीला तपासत होते."

पंखे पुन्हा सुरू झाले होते.

त्या म्हणाल्या, "आज मी नाव देत नाही. इंदूरला या. तिथे आमच्याकडे एक तपासणी आहे. त्या दिवशी ती बाटली नको. वाटेत आडवं पडणं नको. तहान लागली तर साध्या पाण्याचा घोट, बस."

"आणि पडली तर?"

"धरायला आम्ही आहोत. पण तिला जसं होतं तसं मला दिसलं पाहिजे."

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. अतिथी महोदय दिवा लावत आहेत. खाली लिहिलं होतं की शिबिराचा असंख्य गरजूंनी लाभ घेतला. फोटोच्या कडेला माझं अर्धं कोपर आहे.

शिबिराच्या दिवशी नवरा संध्याकाळी घरी आला तेव्हा शर्टावर केळीच्या चिकाचे डाग होते. ते कधी निघत नाहीत, म्हणून तो शर्ट गाडी भरण्यासाठीच ठेवलेला आहे. मी सगळं सांगितलं. तो पायरीवरच बसला.

"म्हणजे मीच लपवत होतो?"

"तुम्ही तिला उभी ठेवत होतात," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता, आणि चढला तो त्याच्यावर चढल्यासारखा वाटला असणार. "भिंतभर डिग्र्या लावलेल्या एकालाही विचारावंसं वाटलं नाही, की ही इथपर्यंत आली कशी? काय खाऊन-पिऊन आली? लग्न विचारलं. झोप विचारली. मोबाइल किती बघते विचारलं. अहो, बाटली तुमच्या हातात असायची! समोर टेबलावर ठेवलेली असायची!"

"एकानं विचारलं होतं," तो म्हणाला.

"काय?"

"बाटली इथे ठेवू नका म्हणाला. काचेवर पाणी पडतं."

इंदूरला जायच्या दिवशी तो सवयीनं पहाटे उठला. मी स्वयंपाकघरात आले तेव्हा लिंबू कापून झालं होतं, बाटली भरून ओट्यावर ठेवलेली होती, आणि तो तिच्याकडे बघत उभा होता. मुलगी आली. तिनं बाटली उचलून फ्रिजमध्ये ठेवली.

"आल्यावर पिईन, पप्पा. प्रॉमिस."

बसमध्ये ती ताठ बसून राहिली. असीरगड आला तसा नवऱ्याचा हात पिशवीकडे गेला आणि परत आला. खंडव्याला खाली उतरून बस बदलायची होती. दुसरी बस लागेपर्यंत आम्ही उभे होतो. बसायला जागा होती, पण ती बसेना, म्हणाली, "आज माझं प्रॅक्टिकल आहे, आई. तयारी करू दे." तिच्या ओठांचा रंग जायला लागला. मी बसच्या पाट्या वाचायला लागले. नवरा पाठ करून उभा राहिला. आईबापांनी तिकीट काढून पोरीला आजारी पडायला न्यायचं, आणि नीट आजारी पडावी म्हणून हात बांधून बघत राहायचं. कशासाठी? तिच्या सांगण्यावर कुणी विश्वास ठेवला नाही म्हणून. ती सांगत होती ते सगळं पहिल्या दिवसापासून खरं होतं. तोंडानं सांगितलेलं पुरत नव्हतं. पडून दाखवायला हवं होतं. त्या स्टँडवर मला इतका राग आला होता की चहावाल्यानं "चाय?" विचारलं तर मी त्याच्यावरही खेकसले. बिचाऱ्यानं कुणाला लग्नाबद्दल विचारलं नव्हतं.

तपासणी म्हणजे एक पलंग होता. माणसाला त्यावर पट्ट्यांनी बांधतात आणि पलंगच हळूहळू उभा करतात. दाराला काच होती. काचेतून आम्ही पाहत होतो. आधी ती डॉक्टरबाईंशी बोलत होती. मग बोलणं कमी झालं. मग थांबलं. नवऱ्यानं दारावर हात ठेवला आणि अगदी हळू आवाजात, दाराशीच बोलल्यासारखा म्हणाला, "बस करा आता. दिसलं ना? बस करा." या वेळी त्याचं कोपर मी धरलं. आत बाईंनी पलंग आडवा केला.

आजाराचं नाव लांबलचक इंग्रजी आहे. बाईंनी ते शाळेसाठी मोठ्या अक्षरात लिहून दिलं. उभं राहिलं की रक्त पायांत साचतं, डोक्याकडे कमी पोचतं, हृदय धावत सुटतं. टेन्शन नाही, नाटक नाही.

"हिलाच का झालं?" मी विचारलं.

"तापानंतर काहींना होतं. हिलाच का, मला माहीत नाही. पूर्ण जाईल का, तेही आज सांगता येत नाही."

इतक्या दवाखान्यांत "मला माहीत नाही" हे शब्द पहिल्यांदा कानावर आले. भांडायला मी तयारच होते, पण त्या शब्दांशी कसं भांडणार?

मग उपचार. पाणी भरपूर, त्यात मीठ. ब्लडप्रेशर बघत बघत, त्यांना विचारून. पायांत घट्ट मोजे. एक गोळी. उठताना सावकाश. "आणि बसलेली असशील तेव्हा पायावर पाय टाकून बस, मांड्या आवळून. रक्त वर ढकललं जातं."

नवरा पिंपावरच्या कामगारासारखा सगळं ऐकत होता. शेवटी त्यानं एकच विचारलं.

"लिंबू चालेल?"

"चालेल, काका."

येताना बसमध्ये तो खिडकीकडे तोंड करून बसला होता.

जाऊबाईंचा फोन आला. "नाव समजलं ना? मग आता जाईल?"

"सांगता येत नाही म्हणाल्या."

"मग फायदा काय झाला वं माय?"

प्रश्न चुकीचा नाही. मुलगी आजही पडते, कमी पडते. सकाळी उठायला तिला अजून वेळ लागतो. ते आजारपण आमच्याच घरात राहतं, फक्त आता त्याला पाटी आहे. आणि जी वर्षं ती घरी त्या पाण्यावाचून, त्या मोज्यांवाचून कोसळत राहिली, ती कुणी परत करणार नाही. कारंज्यावाल्या डॉक्टरांना मी सगळं लिहून कळवलं. उत्तर आलं नाही. त्यांच्या भिंतीवर जागा नसेल.

प्राचार्यांनी कागद वाचला, उलटा करून मागेही काही आहे का ते पाहिलं.

"मतलब... कुर्सी?"

"जी सर. कुर्सी."

मुदत उठली. आणि सत्राच्या शेवटी शाळेचा वार्षिक समारंभ आला. पालकांसाठी मागे खुर्च्या होत्या, तिथे मी बसले होते. पुढे वर्गवार पोरं, आणि आठवीच्या रांगेच्या टोकाला प्लास्टिकच्या खुर्चीवर माझी मुलगी, मांडीवर बाटली. पाहुणे आले. माइकवर "सम्मान में खड़े हो जाएँ" झालं. अख्खं मैदान उठलं. ती उठली नाही. बाटलीतलं घोटभर पाणी पिऊन तिनं सावकाश पायावर पाय टाकला.

लहानपणी याच सवयीसाठी मी तिच्या गुडघ्यावर किती चापट्या मारल्या असतील. मोठी माणसं समोर असताना पायावर पाय? आमच्या घरात ते चालत नसे. पाहुणे तिच्या अगदी समोरून चालले होते आणि तिची चप्पल त्यांच्या रोखानं होती.

प्राचार्य वाकून कुजबुजले. त्यांची कुजबुज मागच्या रांगेपर्यंत येते. "मॅडम, कम से कम पैर तो नीचे कर लीजिए. अतिथि हैं."

"सर, डॉक्टर ने लिखा है," ती म्हणाली. "पढ़कर सुनाऊँ?"

त्यांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. एका शिक्षकानं दुसऱ्या शिक्षकाकडे पाहावं तसं, मदतीसाठी. मी सगळ्यांबरोबर उठले होते. आता खाली बसले आणि पायावर पाय टाकला. माझ्या वयात ते सोपं नाही, साडी आडवी येते. पण जमलं.

मग दिवा लागला. हार झाले. पाहुणे बोलायला उभे राहिले आणि भाषण नेहमीसारखं लांबलं. ती पडली नाही.